रेजिस्ट्रीतली की लॉक झाली आहे: ओनर बदलण्याआधी काय काय तपासायचं

रेजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज ठेवतात तो साठा, आणि की म्हणजे त्यातला एक कप्पा. रेजिस्ट्री एडिटरमध्ये एखादी की पुसायला जावं आणि ‘ॲक्सेस इज डिनाइड’ समोर यावं, ही तक्रार माझ्याकडे सतत येते. आता मी एररचा संदेश नंतर वाचतो, आधी कीचा पत्ता वाचतो. लॉक कुणी आणि कशासाठी लावलंय ते बहुतेक वेळा पत्त्यावरूनच कळतं. या तक्रारीवर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: ओनर बदला, स्वतःला फुल कंट्रोल द्या, मोकळे व्हा. उपाय खरा आहे, पण तो सगळ्यात शेवटी करायचा आहे. मूळ दोष किरकोळ होता आणि या उपायाने विंडोजच आडवं झालं, असे कॉम्प्युटर मी पाहिले आहेत. म्हणून सोप्यापासून सुरुवात करू.

लक्षणं: तुमच्याकडे नेमकं काय दिसतंय?

खालचे सगळे प्रकार लोक ‘रेजिस्ट्री लॉक झाली’ म्हणूनच सांगतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. आपलं लक्षण आधी ओळखा.

- रेजिस्ट्री एडिटरच उघडत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरने रेजिस्ट्री एडिटिंग बंद केलं आहे असा संदेश येतो.
- की दिसते, पण व्हॅल्यू बदलली की नवा मजकूर लिहिताना एरर आली असं सांगतं.
- की पुसली जात नाही, किंवा तिचं नाव बदलत नाही.
- कीवर क्लिक केलं तर ती उघडतच नाही, उजवी बाजू रिकामी राहते.
- डॉट रेग फाइल (रेजिस्ट्रीतल्या नोंदी साठवलेली फाइल) मर्ज करताना सगळा डेटा लिहिता आला नाही, काही कीज वापरात आहेत किंवा तुमचे अधिकार अपुरे आहेत, असा संदेश येतो.
- प्रोग्रॅम इन्स्टॉल करताना किंवा काढताना एरर १४०२ (की उघडता आली नाही) किंवा १४०६ (व्हॅल्यू लिहिता आली नाही) येते.
- एखादी सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्रॅम) सुरू करताना ‘एरर ५’ येते. विंडोजमध्ये ५ हा आकडा म्हणजेच परवानगी नाकारली.
- कुठलीच एरर येत नाही, बदल होतो, पण रिस्टार्टनंतर किंवा तास-दीड तासाने जुनी व्हॅल्यू परत येते.

शेवटचं लक्षण परमिशनचं नव्हेच. ते असेल तर पॉलिसी आणि अँटिव्हायरसच्या भागाकडे (पायरी ४ आणि ५) जा, परमिशन्सची खिडकी उघडूसुद्धा नका.

एक गोष्ट आधी समजून घ्या

परमिशन कीवर असते, व्हॅल्यूवर नसते. डाव्या बाजूला फोल्डरसारखी दिसते ती की, उजव्या बाजूला दिसतात त्या तिच्या व्हॅल्यूज. एकाच व्हॅल्यूला कुलूप घालायची सोय रेजिस्ट्रीत नाही. त्यामुळे एक व्हॅल्यू बदलता यावी म्हणून तुम्ही परमिशन देता, तेव्हा त्या कीमधल्या सगळ्याच व्हॅल्यूज उघड्या पडतात.

प्रत्येक कीला एक ओनर असतो आणि कुणाला काय करता येईल याची एक यादी असते. ओनरचं नाव यादीत नसलं तरी त्याला ती यादी वाचता येते आणि बदलता येते. म्हणून ओनर होता आलं की बाकी सगळं करता येतं. विंडोजच्या स्वतःच्या अनेक कीजचा ओनर ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असतो. हे खातं कुणा माणसाचं नाही, विंडोजचे घटक बसवणाऱ्या सर्व्हिसचं आहे, आणि ही व्यवस्था विंडोज व्हिस्टापासून आली. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असूनही या कीज फक्त वाचता येतात, आणि त्यात बिघाड काही नाही.

हात लावण्याआधी

रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे गरज पडली तर विंडोज आजच्या स्थितीत परत नेता येईल. अनेक कॉम्प्युटरांवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं, तेव्हा आधी ते सी ड्राइव्हसाठी चालू आहे ना ते बघा.

त्यानंतर ती की एक्सपोर्ट करा. पण डॉट रेग फाइलमध्ये फक्त कीज आणि व्हॅल्यूज जातात, ओनर आणि परमिशन्स जात नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. ‘माझ्याकडे बॅकअप आहे’ म्हणत लोक निर्धास्तपणे परमिशन्स उलटसुलट करतात, मग फाइल मर्ज करून बघतात आणि काहीच सुधारत नाही. म्हणून परमिशन्सच्या खिडकीचे, विशेषतः ‘ॲडव्हान्स्ड’मधल्या यादीचे आणि ओनरच्या ओळीचे फोटो काढून ठेवा. परत जाताना हेच फोटो कामाला येतात.

जुन्या माहितीत ‘रेगबॅक’ फोल्डरमधून रेजिस्ट्री परत आणायला सांगितलेलं असतं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज तिथे आपोआप बॅकअप ठेवत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

१. प्रोग्रॅम बंद करा, रिस्टार्ट करा

ज्या प्रोग्रॅमची की आहे तो मागे चालू असेल तर तुम्ही केलेला बदल तो पुन्हा पुसतो, किंवा पुसलेली की लगेच परत तयार करतो. टास्कबारच्या कोपऱ्यातलं चिन्ह बंद करा, सर्व्हिस असेल तर थांबवा.

एरर १०१८ आली असेल, म्हणजे की पुसण्यासाठी खूण केलेली आहे असं विंडोज म्हणत असेल, तर परमिशनचा काही संबंध नाही. की पुसली गेली आहे, पण कुणीतरी अजून ती धरून बसलं आहे. रिस्टार्टने हे सुटतं. इथे ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करू नका, ‘रिस्टार्ट’च निवडा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते.

२. खरोखर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करताय का?

तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असलं तरी तुम्ही उघडलेले प्रोग्रॅम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारांनीच चालतात. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून होकार दिलात की मगच पूर्ण अधिकार मिळतात. रेजिस्ट्री एडिटर ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात स्वतःहून विचारतो, पण कमांड प्रॉम्प्ट, बॅच फाइल किंवा एखादं स्क्रिप्ट विचारत नाही. तिथून आदेश चालवत असाल तर आधी हे तपासा. फुकटात सुटणारी प्रकरणं बहुतेक इथेच सुटतात.

यात एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकतात. तुम्ही साध्या खात्यात आहात आणि होकार देताना दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड टाकलात, तर उघडलेल्या एडिटरमधला ‘एचकी करंट यूजर’ (चालू खात्याच्या सेटिंग्जचा भाग) त्या दुसऱ्या खात्याचा असतो. तुमचा नसतो. तुम्ही बदल करता, एरर येत नाही आणि तुमच्या खात्यात काहीच फरक पडत नाही. अशा वेळी ‘एचकी यूजर्स’मध्ये जाऊन तुमच्या खात्याच्या लांबलचक ओळख क्रमांकाखालची की शोधावी लागते.

जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत आणखी एक गंमत दिसते. ३२ बिटचा जुना प्रोग्रॅम ‘एचकी लोकल मशीन’मध्ये (अख्ख्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्जच्या भागात) लिहायला गेला आणि त्याला अधिकार नसले, तर विंडोज कधी कधी त्याला नकार देत नाही. त्याचं लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या कीखाली वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं लिहिलं, तुम्हाला मूळ जागी काही दिसत नाही. ‘एचकी करंट यूजर’खालच्या ‘सॉफ्टवेअर’, ‘क्लासेस’ या वाटेने जाऊन ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये बघा.

३. जागा बरोबर आहे का?

‘एचकी क्लासेस रूट’ ही स्वतंत्र जागा नाही. ‘लोकल मशीन’मधल्या आणि ‘करंट यूजर’मधल्या ‘सॉफ्टवेअर’खालच्या ‘क्लासेस’चं ते एकत्र केलेलं दृश्य आहे. एकाच नावाची की दोन्हीकडे असेल तर वापरकर्त्याची वरचढ ठरते. त्या दृश्यात परमिशन बदलू नका. मूळ दोन ठिकाणी जाऊन नेमकी कुठली की अडवते आहे ते बघा आणि तिथेच काम करा.

६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम ‘सॉफ्टवेअर’खालच्या ‘वॉव ६४३२ नोड’मध्ये लिहितात. चुकीच्या कीची परमिशन सुधारत दोन तास घालवलेले लोक मला भेटले आहेत.

थेट ‘एचकी लोकल मशीन’च्या खाली, पहिल्या पायरीवर, नवी कायमची की करता येत नाही. ती पायरी डिस्कवरच्या कुठल्याच फाइलमध्ये साठवलेली नसते. तिथे मिळणारा नकार कुठल्याही परमिशनने जाणार नाही, तेव्हा ‘सॉफ्टवेअर’च्या आत की करा.

४. हे लॉक असायलाच हवं का?

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. लोक ती ओलांडून पुढे जातात आणि नंतर पस्तावतात. खालच्या जागा मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात, आणि त्या प्रत्येकीसाठी वेगळा सरळ रस्ता आहे.

‘यूजरचॉइस’: कुठल्या प्रकारची फाइल कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडायची ती तुमची निवड इथे असते. या कीच्या परमिशन्स बघितल्या तर तुमच्याच नावापुढे ‘डिनाय’ दिसतं आणि माणूस चक्रावतो. कुठल्याही प्रोग्रॅमने गुपचूप तुमची निवड बदलू नये म्हणून ते लावलेलं आहे. विंडोज ८ पासून त्यासोबत एक पडताळणीचा हॅशही (निवडीवरून काढलेली सांकेतिक खूण) ठेवला जातो. तुम्ही डिनाय काढून हाताने नाव बदललंत तरी हॅश जुळत नाही आणि विंडोज ती निवड मानत नाही. सेटिंग्जमधल्या ‘डिफॉल्ट ॲप्स’मधून बदला, दोन मिनिटांचं काम आहे.

‘सिस्टिम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘एनम’: जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची नोंद इथे असते. ॲडमिनिस्ट्रेटरला फक्त वाचता येतं. जुन्या पेनड्राइव्हच्या नोंदी काढायला लोक इथे फुल कंट्रोल घेतात आणि एखादी भलतीच नोंद उडवून कीबोर्ड-माउस गमावून बसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडून तिथूनच अनइन्स्टॉल करा.

‘सॅम’ आणि ‘सिक्युरिटी’: खाती आणि पासवर्डशी निगडित माहिती. ॲडमिनिस्ट्रेटरलाही या रिकाम्या दिसतात. तशाच राहू द्या.

‘पॉलिसीज’: सेटिंग तुमच्या खात्याचं असलं तरी ‘करंट यूजर’मधल्या ‘सॉफ्टवेअर’खालच्या ‘पॉलिसीज’मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. संस्थेच्या जाळ्यात जोडलेल्या कॉम्प्युटरवर ग्रुप पॉलिसी, म्हणजे संस्थेने ठरवलेली सेटिंग्ज, साधारण दर ९० मिनिटांनी, त्यात ३० मिनिटांपर्यंतची भर पडून, पुन्हा लागू होते. तासा-दीड तासाने व्हॅल्यू परत येते ती बहुधा यामुळे. रेजिस्ट्री एडिटर उघडतच नाही हे लक्षणही इथलंच. प्रो आवृत्तीवर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये ‘यूजर कॉन्फिगरेशन’, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘सिस्टिम’ या वाटेने जा आणि रेजिस्ट्री एडिटिंगची साधनं रोखणारी पॉलिसी ‘नॉट कॉन्फिगर्ड’ करा. घरच्या कॉम्प्युटरवर तुम्ही ती लावलेली नसेल तर आधी मालवेअरसाठी पूर्ण स्कॅन करा. स्वतःची नोंद कुणी काढू नये म्हणून मालवेअर हीच युक्ती वापरतं.

इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीतली) ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम’ची १००१६ ही नोंद: हिच्यापायी जितक्या कीजचे ओनर विनाकारण बदलले गेले असतील तितके दुसऱ्या कशापायी नसतील. कॉम्प्युटर नीट चालत असतो, कुणीतरी सहज इव्हेंट व्ह्यूअर उघडतं, ही नोंद दिसते आणि ‘ॲपआयडी’खालच्या ट्रस्टेडइन्स्टॉलरच्या कीजवर ताबा घ्यायला सुरुवात होते. या नोंदींचा कामावर परिणाम होत नाही आणि त्या दुर्लक्षित करायला हरकत नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केलेलं आहे. काही प्रत्यक्ष बंद पडलं नसेल तर त्या तशाच सोडा.

५. कुणी पहारा देतंय का?

परमिशन्सच्या यादीत तुमच्या नावापुढे फुल कंट्रोल आहे, ओनरही तुम्हीच आहात, तरी नकार येतो? मग नकार यादीतून येत नाहीये. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर रेजिस्ट्रीवरची प्रत्येक क्रिया वाटेतच अडवू शकतो आणि आपल्या कीजना हात लावू देत नाही. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ हे त्याच जातीचं संरक्षण. ते चालू असताना डिफेंडरची सेटिंग्ज रेजिस्ट्रीतून बदलता येत नाहीत. अशा वेळी परमिशन्स कितीही उकरल्या तरी हाती काही लागत नाही.

आधी त्या अँटिव्हायरसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वसंरक्षण तात्पुरतं बंद करा. अर्धवट काढलेल्या अँटिव्हायरसच्या उरलेल्या कीज असतील तर त्या बनवणाऱ्यांनीच दिलेलं सफाईचं साधन वापरा. बहुतेक नावाजलेल्या अँटिव्हायरसना ते असतं.

सेफ मोडमध्ये जाऊन तोच बदल हाताने करून बघणं ही चांगली परीक्षा आहे. तिथे बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर चालू होत नाहीत. सेफ मोडमध्ये बदल झाला आणि नेहमीच्या विंडोजमध्ये होत नसेल, तर कारण पहारेकरी आहे, परमिशन नव्हे. इन्स्टॉलर मात्र तिथे चालवून बघू नका. विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस सेफ मोडमध्ये एरवी चालत नाही, आणि येणारी एरर तुम्हाला भलत्याच वाटेला लावेल.

६. नेमकी कुठली की अडते आहे?

‘प्रोग्रॅम इन्स्टॉल होत नाही’ एवढंच कळत असेल तर अंदाजाने कीज उघडत बसू नका. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘प्रोसेस मॉनिटर’ फुकट मिळतं. ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा, फक्त रेजिस्ट्रीच्या नोंदी ठेवा, ‘रिझल्ट’च्या रकान्यात ‘ॲक्सेस डिनाइड’ असलेल्या ओळींची गाळणी लावा आणि मग तो दोष पुन्हा घडवा. कुठला प्रोसेस, कुठली की आणि कुठला अधिकार मागत होता, ते ओळीत लिहिलेलं असतं.

यादीत दहा-वीस नकार दिसले तर घाबरू नका. निरोगी कॉम्प्युटरवरही प्रोग्रॅम आधी जास्तीचा अधिकार मागतात, नकार मिळाला की कमी अधिकाराने तीच की उघडतात आणि पुढे जातात. एरर दिसण्याच्या अगदी आधीची ओळ महत्त्वाची. एरर १४०२ आणि १४०६ मध्ये कीचा पत्ता संदेशातच दिलेला असतो, तिथे या साधनाची गरजही लागत नाही.

७. परमिशन्स वाचा, बदलू नका

आता कीवर राइट क्लिक करून ‘परमिशन्स’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा. या पायरीवर फक्त वाचायचं आहे.

डिनायच्या ओळी आहेत का? त्याच पातळीवर थेट लावलेली डिनाय, थेट लावलेल्या परवानगीवर मात करते. पण वरच्या कीकडून वारशाने आलेल्या डिनायवर मात्र थेट दिलेली परवानगी मात करते. म्हणून ओळ ‘इनहेरिटेड’ आहे का थेट, ते बघितल्याशिवाय अर्थ लावू नका. वरून आलेली असेल तर दुरुस्ती वरच्या कीवर करायची.

वारसा तुटला आहे का? ‘एनेबल इनहेरिटन्स’ असं बटण दिसलं तर या कीचा वारसा बंद आहे. विंडोजच्या काही कीजवर तो मुद्दाम बंद असतो. पण एखाद्या साध्या प्रोग्रॅमच्या कीवर आजूबाजूच्या कीजचा वारसा चालू आणि हिचाच बंद असेल, तर दोष बहुधा इथेच. अशा वेळी ओनर न बदलता वारसा चालू केला की काम होतं. हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे, कारण यात नवं काही लादलं जात नाही, की पुन्हा आपल्या घरच्या नियमांखाली येते.

‘अननोन अकाउंट’ दिसतंय का? इथे फार जपून. एस-१-५-२१ ने सुरू होणारा अनोळखी क्रमांक बहुतेकदा पुसलेल्या किंवा जुन्या विंडोजवरच्या खात्याचा असतो, तो काढला तर चालतो. पण एस-१-१५-३ ने सुरू होणारे क्रमांक कधीही काढू नका. त्यांना नाव नसतंच, ते विंडोजच्या ॲप्सना दिलेले अधिकार आहेत. ते काढले तर ॲप्स अडतात आणि खिडकीतून परत जोडता येत नाहीत, कारण शोधायला नावच नाही. ‘ऑल ॲप्लिकेशन पॅकेजेस’ या ओळीलाही हात लावू नका. ती गेली तर स्टार्ट मेनूसारख्या गोष्टी बंद पडू शकतात.

की पुसली जात नसेल तर तिच्या खालच्या कीजही अशाच उघडून बघा. खालच्या एकीवर जरी आडकाठी असली तरी वरची पुसली जात नाही, आणि एरर वरच्या कीचं नाव सांगते.

८. ओनर बदलणं

इथवर येऊन की तुमची किंवा काढलेल्या एखाद्या प्रोग्रॅमची आहे, पहारेकरी नाही आणि वारसाही कामाला आला नाही असं दिसलं, तरच हे करा.

‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ओनरच्या ओळीपुढे ‘चेंज’ दाबा. रोमन लिपीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ असं अनेकवचनी लिहा, ‘चेक नेम्स’ दाबा, नावाखाली रेघ आली की ओके. स्वतःच्या एकट्या खात्याचं नाव देऊ नका. उद्या ते खातं पुसलं गेलं की कीला मालकच उरत नाही. ‘अप्लाय’ करून खिडकी बंद करा आणि पुन्हा उघडा, म्हणजे नव्या ओनरच्या नजरेतून यादी दिसते. मग ॲडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल द्या आणि काम करा.

त्याच खिडकीत दोन टिक आहेत. खालच्या सगळ्या कीजचा ओनर बदला अशी एक, आणि खालच्या सगळ्यांच्या परमिशन्स पुसून इथल्या लावा अशी दुसरी. पहिली फक्त टोकाच्या, लहान कीवर लावा. दुसरी मी जवळजवळ कधीच वापरत नाही. एकदा माझ्याकडे आलेल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी ‘लोकल मशीन’खालच्या अख्ख्या ‘सॉफ्टवेअर’ कीवर ती टिक लावून अप्लाय केलं होतं. स्टार्ट मेनू उघडेना, ॲप्स सुरू होईनात, अपडेट होईना. हजारो कीजच्या वेगवेगळ्या परमिशन्स एका क्षणात एकसारख्या झाल्या होत्या. रिस्टोअर पॉइंट नव्हता. शेवटी रिपेअर इन्स्टॉल, म्हणजे फाइली ठेवून विंडोज पुन्हा बसवणं, करावं लागलं, आणि सुरुवातीची तक्रार काय होती तर एका काढलेल्या प्रोग्रॅमचं नाव राइट क्लिकच्या मेनूत दिसत होतं.

सर्व्हिस एरर ५ ने पडत असेल तर ओनर बदलायची गरज सहसा नसते. मालवेअर काढल्यानंतर ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ (फायरवॉल जिच्यावर चालते ती सर्व्हिस) आणि त्याच्यामागोमाग फायरवॉल सुरू न होणं, हे याचं नेहमीचं उदाहरण. त्या सर्व्हिसच्या स्वतःच्या खात्याची ओळ तिच्या कीवरून नाहीशी झालेली असते. त्याच आवृत्तीच्या चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवर तीच की उघडून दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि गेलेली तेवढीच ओळ परत घाला. ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. सर्व्हिसच्या कीमध्ये कुठली फाइल चालवायची तो पत्ता असतो. ती की सगळ्यांना लिहायला खुली केली तर कुठलाही फालतू प्रोग्रॅम तो पत्ता बदलून पूर्ण सिस्टिमच्या अधिकाराने स्वतःला चालवून घेऊ शकतो.

काम झाल्यावर परत जाणं हा याच पायरीचा भाग आहे. आधी काढलेला फोटो समोर ठेवा. तुम्ही दिलेलं फुल कंट्रोल काढून आधीचा अधिकार द्या आणि मग ओनर परत करा. ट्रस्टेडइन्स्टॉलर शोधून सापडत नाही, पूर्ण नाव टाइपच करावं लागतं: रोमन लिपीत एनटी, एक जागा, सर्व्हिस, मग बॅकस्लॅश आणि लगेच जागा न सोडता ट्रस्टेडइन्स्टॉलर. नाव ओळखलं गेलं नाही तर ‘लोकेशन्स’मध्ये तुमचाच कॉम्प्युटर निवडलेला आहे ना ते बघा. संस्थेच्या डोमेनला जोडलेल्या मशीनवर तिथे डोमेन असतं आणि नाव सापडत नाही.

९. तरीही पुसली जात नाही

क्वचित एखाद्या कीच्या नावातच शून्य अक्षर (नल, म्हणजे न दिसणारी ‘नाव संपलं’ अशी खूण) दडवलेलं असतं. रेजिस्ट्री एडिटर नाव त्या अक्षरापर्यंतच वाचतो, तशी की त्याला सापडत नाही आणि एरर येते. सिसइंटर्नल्सचं ‘रेगडेलनल’ अशा कीज शोधून, विचारून पुसतं. काही जुने प्रोग्रॅम परवान्याची माहिती अशी लपवायचे आणि मालवेअरही लपवतं. म्हणून अशी की सापडली तर पुसण्याआधी ती कुणाची हे शोधा.

सगळ्या रेजिस्ट्रीच्या परमिशन्स एका फटक्यात मूळ स्थितीत आणणारी स्क्रिप्ट फिरतात. त्यातली बरीचशी ‘सबइनॲकल’ या जुन्या साधनावर किंवा ‘सेकएडिट’च्या मूळ साच्यावर बेतलेली आहेत. व्हिस्टानंतरच्या विंडोजवर तो साचा सगळ्या परमिशन्स परत आणत नाही. ती चालवून सुधारलेला कॉम्प्युटर मी अजून पाहिलेला नाही.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काहीही असेल तर हाताने पुढे जाऊ नका.

कॉम्प्युटर नोकरीच्या ठिकाणचा किंवा संस्थेचा असेल, तर पायरी ४ नंतर थांबा आणि तिथल्या आयटी विभागाला सांगा. तुम्हाला दिसणारं लॉक त्यांनी लावलेलं असू शकतं.

मालवेअरची शंका असेल, एडिटर, टास्क मॅनेजर आणि अँटिव्हायरस एकदमच बंद पडले असतील, तर नेट तोडा आणि जाणकाराकडे न्या. परमिशन्स हे तिथे फक्त लक्षण आहे.

एका कीऐवजी जागोजागी नकार येऊ लागले, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या एरर दिसत असतील किंवा कॉम्प्युटर मध्येच अडकत असेल, तर रेजिस्ट्रीची फाइल किंवा डिस्कच बिघडत असण्याची शक्यता आहे. सगळ्यात आधी तुमचा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा. त्या डिस्कवर आणखी प्रयोग करत राहिलात तर डेटाही जाऊ शकतो.

तुम्ही किंवा कुणी मोठ्या कीवर परमिशन्स बदलून बसला असाल, तर एकेक की सुधारत बसू नका. रिस्टोअर पॉइंटवर परत जा, त्यात परमिशन्ससुद्धा परत येतात. तो नसेल तर चालू विंडोजमधूनच सेटअप चालवून, फाइली आणि प्रोग्रॅम ठेवून, रिपेअर इन्स्टॉल करणं हाच मार्ग. त्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडायचा आकडा, कागदावर उतरवून ठेवा. हे स्वतः करायची खात्री वाटत नसेल तर इथेच व्यावसायिकाला बोलवा.

त्याच्याकडे जाताना चार गोष्टी सोबत न्या: एररचा शब्दशः फोटो, कीचा पूर्ण पत्ता, परमिशन्सच्या खिडकीचे तुम्ही काढलेले फोटो आणि आतापर्यंत काय काय बदललं त्याची क्रमाने यादी. यादीत चुकलेलं पाऊलही लपवू नका. मला जेव्हा अशी यादी मिळते तेव्हा तासाचं काम दहा मिनिटांत होतं.